विश्लेषण : आफ्रिकेतील मध्यम शेतकरी छोट्या शेतकऱ्यांना तारक की मारक?

आफ्रिकेतील जमिनीचा विषय निघाला की परदेशी कंपन्यांनी घेतलेली लाखो हेक्टर राने आठवतात. मात्र गेल्या दोन-अडीच दशकांत तिथल्या अनेक देशांत जमिनीची मालकी बदलली ती पाच ते शंभर हेक्टरच्या मालकांमुळे. हे मालक बहुतांशी त्याच देशाचे नागरिक आहेत आणि त्यातले बरेच जण शहरात नोकरी करतात. त्यांच्या बांधाला लागून एक-दोन हेक्टर कसणाऱ्या कुटुंबांच्या पदरात काय पडले, याविषयी...

मध्यम शेती म्हणजे किती?

आफ्रिकेसंबंधीच्या अभ्यासांत पाच हेक्टरपर्यंतची शेती छोटी आणि पाच ते शंभर हेक्टरची मध्यम मानतात. पाच हेक्टर म्हणजे साधारण साडेबारा एकर. भारताच्या कृषी गणनेत चार ते दहा हेक्टरचा शेतकरी ‘मध्यम’ आणि दहा हेक्टरच्या वर ‘मोठा’ धरला जातो. म्हणजे तिकडचा मध्यम शेतकरी आपल्या गावात आला तर बडा बागायतदारच ठरेल. हा फरक लक्षात ठेवूनच पुढची आकडेवारी वाचावी.

मिशिगन स्टेट विद्यापीठातील कृषी अर्थतज्ज्ञ थॉमस जेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये घाना, केनिया, टांझानिया व झांबिया या चार देशांतील जमीनधारणेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण शेतजमिनीतील मध्यम शेतांचा वाटा केनियात सुमारे २० टक्के, घानात ३२, टांझानियात ३९ आणि झांबियात ५० टक्क्यांहून अधिक आढळला. केनिया वगळता इतर तिन्ही देशांत अशा शेतांची संख्या वेगाने वाढत होती.

याकडे आधी लक्ष का गेले नाही, याचे एक कारण मोजणीतच आहे. ग्रामीण कुटुंबांची पाहणी करणारे गणक गावातल्या घरांत जातात. शेत गावात पण मालक राजधानीत असेल तर तो त्या यादीत येतच नाही. दुसरे कारण म्हणजे साऱ्या जगाचे डोळे मोठ्या करारांवर होते. २००८ मध्ये दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीने मादागास्करमध्ये १३ लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेण्याची बोलणी केली. त्यावरून असंतोष उसळला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सत्तांतरानंतर तो बेत रद्द झाला. बेंगळूरुच्या करुतुरी ग्लोबल कंपनीला इथिओपियातील गांबेला भागात एक लाख हेक्टर जमीन मिळाली होती, तिचा विकास न झाल्याने तो करारही संपुष्टात आला. असे करार गाजले आणि त्यातले अनेक फसले. पंधरा-वीस हेक्टरचे छोटे व्यवहार मात्र बातमीविना होत राहिले.

हे शेतकरी आले कुठून?

दोन वाटांनी. काही जण छोट्या शेतीतूनच वर आले. चार पैसे गाठीला बांधून शेजारचे रान घेत घेत त्यांनी पाच हेक्टरची रेषा ओलांडली. दुसरा गट थेट वरूनच उतरला. सरकारी अधिकारी, शिक्षक, बँक कर्मचारी, व्यापारी, निवृत्तीला टेकलेले नोकरदार असे हे लोक. जेन यांच्या चमूने चारही देशांतील मध्यम शेतकऱ्यांना त्यांची जीवनकथा विचारली, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी उतारवयाकडे झुकताना, शेतीबाहेरच्या कमाईतून जमीन घेतल्याचे आढळले.

त्यामागचा हिशोब साधा होता. चलन घसरत असते, पेन्शनचा भरवसा नसतो, जमीन मात्र राहते. त्यात २००७-०८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकले आणि शेतीत पैसा आहे, असे शहरी मध्यमवर्गाला वाटू लागले. केनियात अशा मालकांना ‘टेलिफोन फार्मर’ म्हणतात, झिम्बाब्वेत ‘सेलफोन फार्मर’. पेरणी झाली का, खत टाकले का, हे ते नैरोबीत किंवा हरारेत बसून फोनवर विचारतात. आपल्याकडच्या फार्महाऊसवाल्यांशी त्यांची तुलना करण्याचा मोह होईल, पण तो आवरलेला बरा. त्यातले पुष्कळ जण खरोखरच मका, सोयाबीन, तंबाखू पिकवून विकतात.

छोट्या शेतकऱ्याला फायदा कसा होतो?

इथे मालाच्या वाहतुकीचे गणित समजून घ्यावे लागते. समजा झांबियातील एका कुटुंबाने दीड हेक्टरात तीन टन मका काढला. त्यातला एक टन घरच्या ‘नशिमा’ला, म्हणजे रोजच्या जेवणातल्या मक्याच्या घट्ट उकडीला लागतो. विकायला उरतो दोन टन. तीस टनांचा ट्रक भरायचा तर व्यापाऱ्याला अशी पंधरा घरे फिरावी लागतात. प्रत्येक घरी वजन, ओलावा तपासणी, घासाघीस आणि मधे कच्चे रस्ते. मोठी कंपनी या फंदात पडत नाही. गावात येतो तो सायकल किंवा भाड्याचा टेम्पो घेतलेला फिरता व्यापारी. झांबियात त्याला ‘ब्रीफकेस बायर’ म्हणतात. ही खेडा खरेदी आपल्याला परकी नाही. रोख पैसे लगेच मिळतात, पण भाव पडेल असतो आणि मापाची खात्री नसते.

आता त्याच परिसरात पंचवीस हेक्टरवाला आला. त्याच्या एकट्याकडे दीड ट्रक माल निघतो. त्याच्यासाठी मोठी व्यापारी कंपनी खरेदी केंद्र उघडते. एकदा केंद्र उघडले की आसपासचा छोटा शेतकरीही बैलगाडीत दहा पोती घालून तिथे जाऊ शकतो. झांबियातील अभ्यासात हेच दिसले. जिथे मध्यम शेते अधिक, तिथे छोटे शेतकरी मोठ्या व्यापारी कंपन्यांना माल विकण्याची शक्यता अधिक होती आणि अशा कंपन्यांकडून मिळणारा भावही बरा होता.

दुसरा फायदा ट्रॅक्टरचा. आफ्रिकेत अजून कितीतरी मशागत हाताच्या कुदळीने होते. पहिला पाऊस पडून वाफसा आला की पेरणीसाठी मोजके दिवस हाती असतात. कुदळीने खणणाऱ्याचे निम्मे रान तेवढ्यात राहून जाते. दोन हेक्टरवाल्याला ट्रॅक्टर परवडत नाही, पण तीस हेक्टरवाल्याचा ट्रॅक्टर त्याचे स्वतःचे काम उरकले की रिकामा उभा असतो. मग तो भाड्याने फिरू लागतो. टांझानियात छोट्या शेतकऱ्यांमधील ट्रॅक्टरचा वाढता वापर प्रामुख्याने अशा भाड्याच्या ट्रॅक्टरमुळे आहे. सरकारी यंत्र केंद्रांनी अनेक देशांत जे जमले नाही, ते या खासगी सोयीने बऱ्याच प्रमाणात साधले. टांझानियातील काही ट्रॅक्टर भारतीय बनावटीचेही आहेत. भारताने दिलेल्या कर्जातून ते तिथे गेले.

तिसरा फायदा ज्ञानाचा आणि निविष्ठांचा. ब्रिटनच्या मदतीने चाललेल्या ‘आप्रा’ या संशोधन कार्यक्रमात नायजेरियातील कदुना आणि ओगुन या दोन राज्यांतील शेतकऱ्यांची पाहणी झाली. मध्यम शेतकऱ्यांकडून शेतीचे धडे घेतलेले छोटे शेतकरी खत-बियाणे अधिक वापरतात, त्यांची उत्पादकता अधिक असते आणि त्यांना व्यावसायिक खरेदीदारांकडून भावही चांगला मिळतो, असे त्यात आढळले. मध्यम शेतकऱ्याकडूनच निविष्ठा घेतल्या तर त्या मिळवण्याचा खर्चही कमी होतो. घाऊक आणलेल्या खतातली चार पोती शेजाऱ्याला देणे त्याला जड नसते. अशा संबंधांमुळे छोट्या कुटुंबांचे दरडोई उत्पन्न जास्त आणि गरीब असण्याची शक्यता कमी दिसली.

एक शंका मात्र रास्त आहे. शहरी पैसेवाला जमीन घेताना डांबरी रस्त्याजवळची, चांगल्या मातीची, पावसाची खात्री असलेलीच घेणार. मग शेजारच्या छोट्यांची भरभराट त्याच्यामुळे झाली की मुळात जागाच चांगली होती म्हणून? हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे. तरीही अशा निष्कर्षांतला थोडा वाटा रस्त्याचा आणि मातीचा धरावाच लागेल.

आकाराने फरक पडतो का?

पडतो आणि हाच कळीचा मुद्दा आहे. जॉर्डन चेंबरलिन व जेन यांनी टांझानियातील जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. ज्या जिल्ह्यांत पाच ते दहा हेक्टरच्या शेतांकडे जमिनीचा मोठा वाटा आहे, तिथे ग्रामीण कुटुंबांचे शेतीतले, शेतमजुरीचे आणि शेतीबाहेरचे अशी तिन्ही उत्पन्ने चढी दिसली. दहा हेक्टरच्या वरच्या शेतांचा वाटा जिथे मोठा, तिथे हा परिणाम फिका पडला.

असे का, याचा अंदाज बांधता येतो. सात-आठ हेक्टरवाला बहुधा गावातच राहतो. त्याच्या हाती पैसा आला तर तो गावातल्या सुताराकडून दार करून घेतो, तिथल्याच दुकानातून साखर-साबण नेतो, निंदणीला शेजारणींना बोलावतो. ऐंशी हेक्टरवाल्याची खरेदी शहरात होते, तो तणनाशक मारतो आणि नफा घेऊन परत जातो. मका दोघेही पिकवतात, पण गावात फिरणारा पैसा वेगवेगळा असतो.

उत्पादकतेच्या बाजूने मात्र चित्र उलट निघते. छोटी शेती एकरी जास्त पिकवते, हे शेतीच्या अर्थशास्त्रातले जुने सूत्र. केनियात मिलू मुयांगा आणि जेन यांनी ते मोठ्या आकाराच्या शेतांपर्यंत ताणून तपासले. तीन हेक्टरपर्यंत जुने सूत्र लागू पडले, तीन ते पाचमध्ये आलेख सपाट राहिला आणि पाच ते सत्तर हेक्टरच्या टप्प्यात शेत मोठे तशी उत्पादकता वाढत गेली. म्हणजे देशाचे कोठार भरायचे तर एक आकार सोयीचा आणि गावातली चूल पेटायची तर दुसरा. धोरणकर्त्यांना यातला पहिला आकडा जास्त आवडतो.

सर्वात गरीब कुटुंबांचे काय?

टांझानियाच्या त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. मध्यम शेतांमुळे येणाऱ्या सुबत्तेचा लाभ उचलण्यात सर्वात गरीब कुटुंबे सर्वात मागे राहतात. खरेदी केंद्र उघडले तरी विकायला पोते हवे, ट्रॅक्टर आला तरी भाडे द्यायला पैसे हवेत.

त्यांच्याकडे विकायला असते ती मजुरी. मलावी आणि पूर्व झांबियात तिला ‘गान्यू’ म्हणतात. ठरावीक तुकडा खुरपून दिला की पैसे किंवा मक्याचे पीठ, असा हा उक्ता व्यवहार. गान्यूची गरज सर्वाधिक केव्हा असते? मागच्या हंगामाचे धान्य संपते आणि नवे पीक अजून उभे असते तेव्हा, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. नेमक्या याच काळात स्वतःच्या रानातही तण माजलेले असते. आज रात्री पोरांच्या ताटात काय, हा प्रश्न असतो म्हणून आई-बाप दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात. घरचे पीक तणात दबते, उत्पन्न घटते आणि पुढच्या वर्षी धान्य आणखी लवकर संपते. शेजारी मोठे शेत आले तर मजुरीचे दिवस वाढतात, हे खरे. उपासमारीपेक्षा ते बरेच. पण ज्या व्यवहाराला कागदावर ‘रोजगारनिर्मिती’ म्हणतात, तो कुटुंबाला स्वतःच्या शेतापासून कसा तोडतो, हे सरासरीत दिसत नाही.

ही जमीन मुळात कुणाची होती?

झांबियाचे उदाहरण बोलके आहे. केनेथ कौंडा यांच्या सरकारने १९७५ मध्ये जमिनीची खासगी मालकी संपवली. नुसत्या जमिनीला किंमत नाही, तिच्यावरच्या सुधारणांनाच आहे, असे तेव्हाचे धोरण होते. १९९१ च्या सत्तांतरानंतर वारे फिरले. १९९५ च्या जमीन कायद्याने जमिनीच्या बाजाराला मान्यता दिली आणि पारंपरिक जमिनीचे ९९ वर्षांच्या पट्ट्यात रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. त्यासाठी त्या भागातील पारंपरिक प्रमुखाची, म्हणजे ‘चीफ’ची संमती लागते.

आता कल्पना करा. गावकऱ्याकडे कागद नाही. आजोबा कसत होते, बाप कसत होता, एवढाच पुरावा. शेजारचे जंगल किंवा पडीक रान उद्या मुलगा वेगळा झाला की त्याला मिळेल, या भरवशावर कुटुंब चालते. शहरातला अर्जदार येतो, चीफची भेट घेतो, मोजणीचा आणि नोंदणीचा खर्च त्याला झेपतो. पट्टा झाला की ती जमीन समाजाच्या हातून जाते, ती पुन्हा पारंपरिक ताब्यात आणण्याची सोय कायद्यात नाही. कुणालाही घराबाहेर काढलेले नसते, त्यामुळे विस्थापितांची यादीही होत नाही. मुलगा मोठा होतो तेव्हा कळते, की पलीकडचे रान आता आपले नाही. निकोलस सिटको आणि जेन यांनी २०१४ च्या अभ्यासात झांबियातील नव्या मध्यम शेतकऱ्यांची वाढ बरीचशी नोकरदार शहरी आणि गावातल्या वजनदार मंडळींच्या जमीन खरेदीतून झाल्याचे दाखवले. खालून वर आलेले त्यात कमी होते. आणि या वर्गाकडच्या जमिनीचा मोठा हिस्सा कसलाही जात नव्हता.

घाना, केनिया, मलावी, रवांडा, टांझानिया व झांबिया या सहा देशांच्या राष्ट्रीय पाहण्यांनुसार शहरी कुटुंबांकडे एकूण शेतजमिनीपैकी ५ ते ३५ टक्के जमीन आहे. जिथे जिथे पाहणी पुन्हा झाली, तिथे तिथे हा वाटा वाढलेलाच दिसला.

सरकारी पैसा कोणाकडे जातो?

झांबिया सरकारने वर्षानुवर्षे कृषी खर्चाचा सिंहाचा वाटा दोन गोष्टींवर केला. एक खत-बियाण्यांचे अनुदान आणि दुसरी अन्न राखीव संस्थेमार्फत ठरलेल्या भावाने मक्याची खरेदी. नाव छोट्या शेतकऱ्याचे. पण हमी भावाचा फायदा पोत्यांच्या संख्येवर ठरतो. चाळीस पोतीवाला आणि हजार पोतीवाला यांना भाव एकच मिळाला, तरी तिजोरीतून कुणाकडे किती गेले हे सांगायला नको. शिवाय सरकारी चुकारे रखडतात. मोठा थांबू शकतो. छोट्याला शाळेची फी भरायची असते, तो ब्रीफकेसवाल्याला देऊन मोकळा होतो. शेतकरी संघटनांमध्येही मध्यम शेतकऱ्यांचा वरचष्मा असतो आणि धोरणे त्यांच्या कलाने झुकतात, हे २०१६ च्या अभ्यासातही नोंदले आहे.

महाराष्ट्रात असे का घडले नाही?

आपल्याकडे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आहे. बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर ही मर्यादा. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावरही निर्बंध आहेत. पळवाटा सर्वांना ठाऊक आहेत, तरी या कायद्यांनी जमीन एकवटण्याला बांध घातला. आपला प्रश्न उलटा आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणा १.३४ हेक्टरवर आली. ट्रक भरण्याची अडचण मात्र झांबियासारखीच, म्हणून इथे शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मार्ग धरला गेला. पंधरा घरांचा माल एकत्र करायचा, पण बांध मोडायचे नाहीत, अशी ही कल्पना. ती किती ठिकाणी चालली हा स्वतंत्र विषय आहे.

सध्या काय चालले आहे?

झांबियात प्रत्येक प्रांतात सुमारे एक लाख हेक्टरचा ‘फार्म ब्लॉक’ उभारण्याची योजना या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. मधे एक मोठी कंपनी, भोवती मोठी, मध्यम आणि छोटी शेते, सर्वांना रस्ते, वीज आणि पाणी, असा तिचा आराखडा. त्यातला पहिला ब्लॉक मध्य प्रांतातील सेरेंजे जिल्ह्यात नानसांगा येथे आखला गेला. त्यासाठी पारंपरिक जमीन सरकारच्या ताब्यात आली, भूखंड पाडले गेले आणि त्यातले अनेक शहरी अर्जदारांच्या नावावर झाले. रस्ते, वीज आणि धरणांची कामे मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली, त्यामुळे बरेच भूखंडधारक तिकडे फिरकलेच नाहीत. आता ही योजना पुन्हा पुढे रेटली जात आहे. तिथे आधीपासून कसणाऱ्या कुटुंबांपैकी काही जण आजही त्याच रानात मका पेरतात. फरक एवढाच, की त्या रानाचा पट्टा आता दुसऱ्याच्या नावावर आहे.